ओडेलची वरची ओळ

हार्लन टिब्ज त्या रविवारी चर्चमधून घरी न जाता तडक ओडेलकडे निघाला, तो एक गोष्ट कबूल करायला. गोष्ट त्रेचाळीस वर्षांची झाली होती. इतकी वर्षं जी तोंडातून निघाली नाही ती आजच निघायला हवी होती, कारण जेवणं झाल्यावर एका इंग्रज पाहुण्याच्या यंत्रातून ती आपोआप निघणार होती. माणसाला प्रामाणिकपणा सुचतो तो अशाच वेळी.

तरुणपणी हार्लन, ओडेल, थर्मन आणि लूशस हे चौघे मिळून 'एडी रोड फोर' होते. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहराच्या त्या भागात तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यावर चार-चार पोरं उभी राहून गायची. आज कुणाचं नाव कुणाला आठवत नाही. यांची निदान एक रेकॉर्ड निघाली. तीही पेटवे नावाच्या लॉन्ड्रीवाल्याने काढली, दुकानाच्या मागच्या खोलीत, इस्त्रीच्या वाफेत. गावच्या रेडिओवर महिनाभर वाजली आणि विझली. त्या गाण्यात तिघे शब्द म्हणतात आणि त्यांच्या डोक्यावरून एक उंच आवाज, शब्द नाहीत, नुसता आकार, शेवटपर्यंत तरंगत जातो. ज्याला ते गाणं आठवतं त्याला ती वरची ओळच आठवते. ती ओळ ओडेलची. अर्लीनने ती ऐकून त्याच्याशी लग्न केलं, आणि हे ती चर्चच्या प्रत्येक जेवणावळीत सांगत आली.

ओडेलने ती गायली होती, आणि काय गायली होती! गाणं संपल्यावर थर्मन म्हणाला, “पुढच्या रेकॉर्डला ओडेलच पुढे उभा राहील.” तोवर पुढे उभा राहायचा तो हार्लन. त्याच्या पोटात दुखलं. दुसऱ्या दिवशी ओडेल पोलादाच्या कारखान्यात पाळीवर असताना हा एकटाच लॉन्ड्रीत गेला. “ओडेलचा आवाज मध्येच घसरलाय,” पेटवेला म्हणाला. “त्याला सांगू नका, बिचाऱ्याला वाईट वाटेल. मी दुरुस्त करतो.” पेटवेला कपड्यांचे ढीग उपसायचे होते, त्याने ऐकूनसुद्धा पाहिलं नाही. टेपवर चार पट्ट्या असत. एका पट्टीवर नवं गायलं की त्या पट्टीवरचं जुनं पुसलं जाई. हार्लनने ओडेलला पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत पुसलं.

लहानपणापासून चौघांनी आपले आवाज एकमेकांत असे मुरवले होते की आईलाही आपलं पोर ओळखू येऊ नये. त्यातच त्या पोरांची शान होती. रेकॉर्ड हातात आली तेव्हा ओडेल ती ऐकून, आपलाच आवाज समजून, ढसाढसा रडला. हार्लन तेव्हा त्याच्या शेजारीच बसला होता.

आता थर्मन गेला, लूशस गेला. आणि हा कॉलिन नावाचा इंग्रज, त्याच्या देशात म्हणे लोक या गाण्यावर नाचतात, पेटवेच्या मुलीच्या तळघरातून मूळ टेप शोधून घेऊन आला होता. एकेक पट्टी तो सुटी ऐकवणार होता.

ओडेल मागच्या अंगणात मासे तळत होता.

“अरे वा! टाय काय, चकचकीत बूट काय! लेका, पाहुणा माझा आवाज ऐकवायला आलाय, तुझा नाही.”

“ओडेल, मला जरा बोलायचंय.”

“बोल की. आधी ते मक्याचं पीठ इकडे सरकव.”

“त्या रेकॉर्डबद्दल.”

“मग आज दुसरं कशाबद्दल बोलायचं?” ओडेलने मासा उलटला. “खरं सांगू? तीस वर्षं कारखान्यात घातली, तो बंद पडला. गुडघे गेले. पण ती ओळ मी गायलो. ती कोण काढून घेणार माझ्याकडून?”

हार्लनने पीठ सरकवलं. मग ताटं नेली, खुर्च्या मांडल्या, बर्फ आणला. नको तितकी कामं केली.

जेवणं उरकल्यावर कॉलिनने लॅपटॉप उघडला. “मिस्टर ओडेल, बाकीचे तिघे बंद करतो. आता फक्त तुम्ही.”

आवाज एकटाच खोलीत आला. अर्लीनने डोळे मिटले. ओडेल गुडघ्यावर बोटांनी ताल धरून हसत होता. दुसऱ्या कडव्यात त्याची बोटं थांबली.

“परत लावा.”

कॉलिनने परत लावलं.

“इथे श्वास घेतलाय,” ओडेल म्हणाला. “बाकीच्यांच्या आवाजाखाली कधी कळला नाही. मी इथे श्वास घेत नाही. कधीच घेतला नाही. इथे हा घेतो.” त्याने हार्लनकडे बोट केलं.

हार्लनचे कान तापले. आता हा उठेल आणि माझी गचांडी धरेल, असं त्याला वाटलं, आणि ते त्याला हवंसंही वाटलं.

“म्हणजे माझी बिघडली होती,” ओडेल हळूच म्हणाला. “मला वाटलं, झकास झाली. वाटणारच म्हणा. अर्लीन, इतकी वर्षं मी तुला खोटं सांगितलं गं. मला ठाऊक नव्हतं, आईशप्पथ.” मग तो हार्लनकडे वळला. डोळे भरलेले. “तू माझं निस्तरलंस आणि बोलला नाहीस? मी गावभर मिरवलो, आणि तू शेजारी बसून नुसता ऐकत राहिलास? माझी लाज राखलीस तू. मला माफ कर, भाऊ.”

तुझी बिघडली नव्हती. एवढे तीन शब्द होते. हार्लनने तोंड उघडलं. अर्लीन हातरुमालाने डोळे टिपत त्याच्याकडे पाहत होती. संतमाणसाकडे पाहतात तशी. आयुष्यात त्याच्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं. आणि त्याला, शरमेने मेल्याहून मेल्यासारखं होत असताना, ते बरं वाटलं.

“असू दे रे,” तो म्हणाला. “भावाभावांत काय एवढं.”

ओडेलने त्याचा हात दोन्ही हातांत धरला, तो बराच वेळ सोडला नाही. मग नाक पुसून कॉलिनला म्हणाला, “लिहून घ्या. वरची ओळ, हार्लन टिब्ज.”

कॉलिनने लेखणी उचलली आणि एकदा हार्लनकडे पाहिलं. “नक्की ना? हे कायमचं छापलं जाईल.”

हार्लनने होकारार्थी मान हलवली.