दुधाच्या पातेल्यावरचं मननाचं पुस्तक

मित्रांनो, मी मननाचं एक पुस्तक आहे. वय झालंय, पाठ मोडलीय. सध्या माझी पूजा होते. पूजेला लागलेलं पुस्तक कोणी वाचत नाही, म्हणून निदान तुम्ही ऐका.

माझा जन्म मिशनच्या एका छापखान्यात झाला. वर्षाच्या प्रत्येक तारखेला एक पान. पानावर प्रभूविषयी चार ओळी आणि तळाशी एक लहानसं काम. सकाळी त्या तारखेचं पान वाचायचं, संध्याकाळपर्यंत ते काम करायचं, एवढीच माझी मागणी. नांदूरघाटच्या सत्यशीला सिस्टरांनी ती वर्षानुवर्षं पुरी केली. सकाळी मी, मग गावाची इंजेक्शनं. माझी पानं त्यांनी इतक्या हलक्या हाताने उलटली की निवृत्त होऊन त्या केजला राहायला निघाल्या, तेव्हाही माझी एक शिवण उसवलेली नव्हती.

त्यांची खोकी जीपमध्ये चढवायला उत्तरेश्वर आला होता. बी.ए., बी.एड., वय छत्तीस, नोकरी नाही, लग्न नाही. खोकं उचलता उचलता तो म्हणाला, "सिस्टर, एक इचारू का? आपला जन्म कावून झाला असंल?"

जीपवाला जमील टायरला लाथ मारून हवा बघत होता. "खोके उचलायला, बे," तो म्हणाला. "अजून दोन हायेत."

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी मला उत्तरेश्वरच्या हातात ठेवलं. "रोज एक पान वाच, बाळा. तारीख बघून. एकदम काही कळत नसतं, हळूहळू कळतं."

उत्तरेश्वरने मला चार दिवस वाचलं. एक पान म्हणालं, आज आईच्या हातातलं काम आपल्या हाती घे. दुसरं म्हणालं, ज्याच्याशी बोलणं टाकलंस त्याच्या दारात जा. उत्तरेश्वर खट्टू झाला. मी त्याला आयुष्याचं ध्येय सांगेन असं त्याला वाटलं होतं, आणि मी तर कामं सांगत होतो. पाचव्या दिवशी मी फळीवर गेलो.

फळीवरून मला काढलं त्याच्या आईने, छबुबाईने. तिला वाचता येत नव्हतं, पण माझा उपयोग तिला ताबडतोब सापडला. घरात मांजर होतं आणि दुधाच्या पातेल्याला झाकण नव्हतं. ती मला मधोमध उघडून पातेल्यावर पालथा घालायची आणि वर वरवंटा ठेवायची. खालून वाफ, वरून दगड. एका सकाळी माझी पाठ कट्‌कन मोडली. जिथे मोडली त्या पानाचा मथळा होता, 'आज थांब'. त्याखाली लिहिलं होतं की राग आला असेल तर बोलण्याआधी थांब. पण त्या ओळी दुधाने केव्हाच धुऊन नेल्या होत्या. मथळा तेवढा राहिला.

पुढे उत्तरेश्वरचं एक स्थळ मोडलं. मुलीच्या मामाने विचारलं, "पावणे, मुलगा करतो काय?" आणि सगळी बैठक चहाच्या कपात बघू लागली. घरी येऊन त्याने मला पुन्हा हातात घेतलं. या घरात विहीर खणायची असो की म्हैस घ्यायची, आधी देवीला कौल लावायची रीत होती. मूर्तीला फूल चिकटवायचं. उजवीकडे पडलं तर हो, डावीकडे पडलं तर नाही. उत्तरेश्वरने हीच रीत मला लावली. तारीख बघितली नाही. डोळे मिटले आणि मला उघडलं.

आज थांब.

तो ढसाढसा रडला. नोकरीसाठी तो पंधरा वर्षं थांबलाच होता, पण त्याबद्दल आजवर कोणी शाबासकी दिली नव्हती. दुसऱ्या दिवशी डोळे मिटून उघडलं, तेच पान. तिसऱ्या दिवशी तेच. रोज एकच पान निघतंय म्हटल्यावर माणसाने एकदा पुस्तकाची पाठ तपासली असती. उत्तरेश्वरने उदबत्ती लावली. छबुबाई आळीभर सांगत सुटली, "माझ्या लेकासंगं पुस्तक बोलतंय, बाई!"

उन्हाळ्यातल्या एका दुपारी भाकरी थापताना तिच्याच छातीत कळ आली. जमीलने जीप दारात लावली आणि तो आत धावला. "मावशे, हात टाक खांद्यावर. अर्ध्या तासात केजचा दवाखाना."

"थांब," उत्तरेश्वर म्हणाला. "आधी इचारतो."

"कुणाला बे? पुस्तकाला? ते काय डाक्टर हाय?"

उत्तरेश्वरने डोळे मिटले. मित्रांनो, त्या तारखेच्या पानावर काय होतं ते मला पाठ आहे. 'आज कुणाला तरी उचलून न्यावं लागेल. हात मागे घेऊ नकोस.' मी पानं फडफडवली. पण मोडल्या पाठीचं पुस्तक मोडलं असेल तिथेच उघडतं.

"काय म्हनतंय रं?" छबुबाईने विचारलं. ओठ निळे पडायला लागले होते.

"थांब म्हनतंय, माय."

"मंग थांबू."

"उत्तऱ्या, म्हातारी चालली बे!" जमीलने तिला उचलायला हात घातला. तो हात छबुबाईनेच झटकला. "पुस्तकाच्या म्होरं जाऊ नको, जमील. लई खरं बोलतंय ते."

तव्यावरची भाकरी करपेपर्यंत दारातली जीप चालू होती. मग छबुबाई गेली, आणि जमीलने बाहेर जाऊन जीप बंद केली.

सत्यशीला सिस्टर भेटायला आल्या. त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि मी त्या पानावर आपोआप पसरलो. त्यांनी दुधाचा गोल डाग पाहिला, पाठीवरून बोट फिरवलं.

"उत्तरेश्वर, हे इथं मोडलंय. म्हणून इथं उघडतंय, बाळा."

माझी पानं सुटल्यासारखी झाली. अखेर कोणीतरी बोललं होतं.

उत्तरेश्वरने शांतपणे विचार केला. शिकलेला माणूस, विचार केल्याशिवाय बोलत नाही. "बरोबर हाय, सिस्टर," तो म्हणाला. "पर एवढ्या पानांत इथंच कावून मोडलं?"

सिस्टर पुढच्याच जीपने केजला गेल्या.

आता उत्तरेश्वरला आयुष्याचं ध्येय सापडलंय. मी लाल फडक्यात, पाटावर, हळदीकुंकवासकट. लांबलांबून माणसं येतात. कुणी शेताच्या वादासाठी येतं, कुणी लेकीच्या लग्नासाठी. सगळ्यांना एकच उत्तर मिळतं आणि सगळी समाधानाने परत जातात, कारण काहीच करायला लागत नाही.

आज सकाळी एक बाई आलीय. खांद्यावर तान्हं आहे, तापाने रडायचंही विसरलेलं. दारात जमील हॉर्न वाजवतोय. "ताई, त्याला काय इचारायलीस? बस गाडीत, पैसे नको देऊ!"

उत्तरेश्वरने डोळे मिटलेत. त्याचा अंगठा माझ्या कडेवर आलाय.

बाई जमिनीवर नीट मांडी घालून बसली.

मित्रांनो, पुस्तकं जपून वापरा. आणि दुधाच्या पातेल्याला एक झाकण घ्या. आठवडी बाजारात मिळतं.