फियाटचा हँडब्रेक आणि अरुणाबाईंची वीट

दोन वर्षं अरुणाबाई नवऱ्याच्या फियाटचा हँडब्रेक होत्या. विनायकराव बँकेतून रिटायर झाले आणि त्यांना हुक्की आली, जुन्या गाडीला मागे डिस्क ब्रेक बसवायचे! बसवले. मागचे ड्रम गेले, त्यांच्यावर चालणारा हँडब्रेकही गेला. साहेबांच्या हे कधी लक्षात आलं? सोसायटीच्या गेटाबाहेरच्या उतारावरून गाडी एकटीच निघाली तेव्हा! गिअरमध्ये ठेवली तरी ते म्हातारं इंजिन उतारावर धीर सोडायचं. मग काय, गाडी थांबली रे थांबली की अरुणाबाईंनी पदर खोचून उतरायचं आणि मागच्या चाकाला वीट लावायची. लग्न असो, मयत असो, वीट सोबत.

"वहिनी, बायकांच्या हातात पर्स असते," बारडोलीची नणंद रुक्मिणी एकदा चारचौघांत म्हणाली, "तुमच्या हातात कायम वीट!"

अरुणाबाई तिथे हसल्या आणि घरी येऊन रडल्या. मग नवऱ्याला बजावलं, "कोजागिरीनंतरच्या चंदी पडव्याला वन्सं घारी खायला येतायत. तोवर हँडब्रेक बसला नाही तर मी रिक्षाने येईन. वीट तुमची तुम्ही उचला."

दसऱ्याला सुरतच्या लिंबायतमध्ये योगराजच्या गॅरेजात काम झालं. योगराज धुळ्याकडचा, हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. त्याने दोन्ही डिस्कना एकेक जादा चिमटा बसवला आणि त्यांची केबल आतल्या दांडीला जोडली. दांडी ओढली, डिस्क हाताने हलेना. "आता ताईंना सुट्टी द्या," म्हणत तो फाफडा-जिलेबी आणायला गेला.

तेवढ्यात विनायकरावांना भक्तीचं भरतं आलं. दसरा आहे, चाकं काढलेली आहेत, ब्रेक समोर उघडे आहेत, पूजा नको? दोन्ही डिस्कवर त्यांनी तुपात कालवलेल्या शेंदराचं ठसठशीत स्वस्तिक काढलं. ताट अरुणाबाईंनीच धरलं होतं. त्यांना तर त्या ब्रेकच्या पाया पडावंसं वाटत होतं. योगराज आला, त्याला वाटलं कोरडं कुंकू असेल, उडून जाईल. त्याने चाकं चढवली आणि तिघांनी जिलेबी खाल्ली. गाडी घरी येऊन सपाट पार्किंगमध्ये उभी राहिली. अरुणाबाईंनी वीट सोसायटीच्या माळ्याला देऊन टाकली आणि स्वतःला नवी पर्स घेतली.

चंदी पडव्याच्या संध्याकाळी सगळं सुरत माव्याची, तुपाने माखलेली घारी खायला रस्त्याच्या कडेला बसलं होतं. सपाट जागा रिकामी होती, पण साहेबांना मिरवायचं होतं ना! तापीच्या बांधाकडच्या चढावरच त्यांनी गाडी घातली आणि दांडी कर्रकन ओढली.

"उतरा, महाराणी!"

अरुणाबाई पर्स झुलवत उतरल्या. कडेला चादर पसरून बसलेल्या रुक्मिणीने आधी त्यांचे हात पाहिले. "वहिनी, वीट?"

"कसली वीट, वन्सं?" काय गोड वाटलं त्यांना ते बोलताना!

विनायकराव उतरून दोन पावलं चालले आणि गाडी हळूच मागे सरकली. अरुणाबाईंचा हात आपोआप खाली गेला, कमरेतून वाकल्यासुद्धा. हातात पर्स होती. लाजेने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. विनायकराव धावत येऊन आत कोसळले आणि त्यांनी पुढची चाकंही धरणारा पायाचा ब्रेक दाबला. मागच्या चकचकीत गाडीला धक्का लागता लागता राहिला. पुढेही गाड्या लागलेल्या, हलायला जागा नाही.

पाय न उचलता त्यांनी योगराजला फोन लावला. स्पीकरवर सगळ्यांनी ऐकलं.

"साहेब, डिस्कवर काही लावलं होतं?"

"शेंदूर. तुपातला."

"अरे देवा! ब्रेकला तूप चारलं? मग तो धरणार कसा, साहेब?"

रुक्मिणी चादरीवर लोळत हसली. "दादा, आता तूच वीट! पाय उचलशील तर बघ."

"अगं," विनायकराव काचेतून केविलवाणे म्हणाले, "एखादी वीट मिळते का बघ ना."

अरुणाबाईंनी डोळे पुसले. मग त्या चादरीवर ऐसपैस बसल्या, पाय पसरले, पर्स मांडीवर ठेवली आणि घारी हातात घेतली.

"बघते की," त्या म्हणाल्या. "एवढी घारी संपू दे."

ती संपल्यावर त्यांनी दुसरी घेतली.