गाडीचं तोंड

"पेट्रोल हाय का वैनी?"

"हाय की. परवाच टाकलंय."

"तरी बगू." रामेश्वर दूधवाल्यानं मोटारसायकल कडेला लावली. स्कूटरचं सीट उचललं, टाकीचं टोपण फिरवून आत डोकावला, टोपण लावलं आणि किक मारली. स्कूटर खोकली आणि चालू झाली.

"बगा. हात लागावा लागतो."

बबितानं मान हलवली. गेल्या दोन महिन्यांत घाटनांदूर ते अंबाजोगाई रस्त्यावर असे हातगुणाचे सात-आठ जण तिला भेटले होते. कुणी म्हणालं प्लग, कुणी म्हणालं कार्बोरेटरात कचरा. एकानं तर बाईमाणसाच्या हाताखाली गाडी रुसते, असंही सांगून टाकलं. प्लग बदलला, कचरा काढला. बाईमाणूस तेवढं बदलता आलं नाही. गाडी पाच-सहा किलोमीटर पळे आणि खॅक करून बंद पडे. कुणी बघायला आलं की लगेच चालू. डॉक्टर समोर आले की ताप उतरलेल्या पेशंटसारखी.

सात वाजून बावीस मिनिटं झाली होती.

अंबाजोगाईतल्या एका खाजगी दवाखान्यात बबिता नऊ वर्षं आया होती. हजेरी आधी नऊला असायची, आता आठला. गावातून पहिली एसटी धरली तर पोचायला नऊ वाजत, म्हणून तर दोन महिन्यांपूर्वी गावातल्या राधाकिशन गुरुजींची जुनी स्कूटर घेतली. आणि याच महिन्यात तिला दोनदा उशीर झाला होता. नव्या मॅनेजरसाहेबांनी भिंतीवर कागद लावला होता : तीनदा उशीर, नाव कमी. नवरा मुंजाजी जाऊन चार वर्षं झालेली. घरात ती आणि सासू छबुबाई, आणि दोघींच्या मध्ये हा पगार.

पुढच्या चढावर गाडी पुन्हा गचकली. बबितानं हँडल दाबून धरलं, जणू मूल झोपेतून उठू नये म्हणून. "चल गं बाई, चल. आजच्या दिवस." खॅक.

किक. किक. किक. प्लग काढून पदरानं पुसला. किक. मग रामेश्वरनं केलं होतं तसं टोपण उघडून बघितलं, लावलं. चालू.

फोन वाजला. वॉर्डातली मोहिनी. "कुटंयस गं? साहेब रजिस्टर घिऊन दारातच बसलेत."

"आलेच. गावाजवळ आलेय." अंबाजोगाई अजून सहा किलोमीटरवर होतं.

वेशीजवळ अजिनाथच्या गॅरेजसमोर ती तिसऱ्यांदा बंद पडली. आठला सात कमी. अजिनाथनं चहाचा कप ठेवला, पण गाडीला हात लावला नाही. आधी विचारलं, "मावशी, बंद पडल्यावर कशानं चालू होती?"

"कुनीतरी बगितलं की."

"बगितलं म्हंजे काय करतेत?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. "पेट्रोल हाय का बगतेत. टोपण उघडतेत."

"दर बारीला?"

"...दर बारीला."

अजिनाथ हसला. टोपण काढून त्यानं उजेडात धरलं. "ह्याला वर भोक असतंय, सुईएवढं. पेट्रोल खाली उतरलं की तिथून हवा आत जाती. हवा न्हाई गेली, तर पेट्रोल उतरतच न्हाई. तुमी टोपण उघडलं की ती एक श्वास घेती, तेवढ्यावर पळती." त्यानं नखानं खरवडलं. लाल, तेलकट खपली निघाली. "पर ह्यात हे काय कोंबलंय? शेंदूर?"

बबितानं ते बोटावर घेतलं. कुंकू होतं.

गाडी घरी आली त्या दिवशी सासूनं वाटीत तेल-कुंकू कालवलं होतं. जन्मभर शेरडं, म्हशी सांभाळलेली बाई. नवं जनावर दारात आलं की आधी तोंडाला कुंकू. "हिचं तोंड कुटं गं?" तिनं विचारलं. बबिता घाईत होती. "पेट्रोल पिती तिथं," म्हणाली. तेव्हापासून दर शुक्रवारी छबुबाई सीट उचलून बोट टेकवत आली. घरात कुंकू लावायला दुसरं कपाळ नव्हतं.

अजिनाथनं भोकात तार घातली, फुंकलं, टोपण लावलं. पैसे घेतले नाहीत.

दवाखान्यात ती आठ वाजून बारा मिनिटांनी शिरली. दारात विजयसिंह मॅनेजर. रजिस्टर मिटलेलं.

"बबिताबाई, तिसरी बारी."

"साहेब, गाडी..."

"आज काय झालं गाडीला?"

तोंडाशी आलं होतं. एका वाक्याचं काम होतं, आणि ते ऐकून साहेबही हसले असते, वॉर्डभर झालं असतं : म्हातारीनं टाकीला कुंकू लावलं म्हणून. मोहिनी आतून हातानं खुणावत होती, सांग, काहीतरी सांग.

"बंद पडली," बबिता म्हणाली.

"ती मागच्या बारीलाबी पडली होती. नाव कमी केलंय. महिनाअखेरला येऊन हिशेब घिऊन जा."

घरी जाऊन तिनं सांगितलं, आज लवकर सोडलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. छबुबाई वाटी घेऊन आली आणि सीट उचलू लागली.

"आत्याबाई, तोंड तिथं न्हाई. मीच चुकून सांगितलं." बबितानं सासूचं बोट धरून पुढच्या दिव्याशी नेलं. "तोंड हे."

छबुबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. "आगं माझे माय! म्हंजे दोन म्हयने मी हिच्या ढुंगनाला कुंकू लावीत व्हते? कावून बोलली न्हाईस गं?" हसता हसता तिनं दिव्यावर भलं मोठं बोट उठवलं. "आता पळंल बग. जा, उशीर हुईल."

बबितानं कामावरची निळी साडी नेसलीच होती. डबा अडकवला, किक मारली.

गाडी कुठंही अडखळली नाही. चढ चढली, सहा किलोमीटर गेली, दहा गेली, अजिनाथचं गॅरेज आलं आणि मागं पडलं. पुढं चौक होता. तिथून दवाखान्याकडं वळायचं. बबितानं स्कूटर कडेला घेतली आणि चावी फिरवून स्वतःच बंद केली.