काळ्या डब्यांची चूल

मित्रांनो, मी एक जुनी सौरचूल आहे. आत काळा पत्रा, वर दुहेरी काचेचं झाकण, मागे ऊन आत फेकणारा आरसा, एवढाच माझा संसार. स्वस्थ बसणं माझ्या नशिबी नाही. सूर्य सरकला की मलाही वळावं लागतं, आणि वळवणारं माणूस विसरलं की माझा जीव तळमळतो.

माझा जन्म तारनाक्याजवळच्या एका प्रशिक्षण केंद्रातला. उन्हावर चालणाऱ्या वस्तू बनवायला आणि दुरुस्त करायला तिथे सहा महिन्यांत शिकवत. मुकुंदराव सर शिकवायचे. पहिल्या वर्षीच्या मुलांनी मला सांधलं आणि माझ्यात शिजलेला पहिला भात बोटं चाटत खाल्ला. त्या दिवशी मी किती फुगले होते म्हणून सांगू!

पण मग वारं फिरलं. गल्लोगल्ली कंप्युटरचे क्लास निघाले, घराघरांत परदेशच्या नोकऱ्यांच्या गोष्टी सुरू झाल्या. आमची मुलं एकेक करून पांगली. सोळांची चार उरली. त्यांतली एक रोशनी, अंबरपेठेहून बसने यायची. तिचे वडील श्रीपती रेल्वेच्या ऑफिसात कारकून. थोरला रवी कंप्युटर शिकत होता, हिनेही तेच शिकावं असा त्यांचा धोशा. शेवटी बापलेकीत ठरलं. एक साहेब तपासणीला येणार होते. त्यांनी वर्ग चालू ठेवला तर रोशनीने इथेच शिकायचं, नाहीतर सोमवारपासून कंप्युटर. आणि साहेबांपुढे माझ्यात भात शिजवून दाखवायचं काम नेमकं तिच्याकडेच आलं.

आदल्या दिवशी ती माझे डबे धुवायला घरी घेऊन गेली. ते डबे बाहेरून मुद्दाम काळे रंगवलेले असतात. काळा रंग ऊन पितो, म्हणून तर भात शिजतो. पण हे तिच्या आईला, पार्वतीबाईंना, कुणी सांगितलंच नव्हतं.

तपासणीच्या दिवशी सकाळी मायलेकी दोघी आल्या. रोशनीने पिशवीतून डबे काढले आणि मटकन खालीच बसली. डबे चांदीसारखे लखलखत होते.

"विटकरीच्या भुग्यानं घासले, हात दुखून आले," पार्वतीबाई कौतुकाने म्हणाल्या. "साहेबाम्होरं काळे डबे ठेवतेत का? लोक नावं ठेवतील की."

रोशनीने रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं. नवा रंग वाळायलाच दोन दिवस लागले असते. उन्हात पडल्या पडल्या माझी काच तापत होती आणि मला काहीच करता येत नव्हतं. पार्वतीबाईंचा चेहरा उतरला. मग त्यांनी डबे उचलले आणि फाटकाबाहेरच्या मिरची-भज्यांच्या बंडीवर, म्हणजे हातगाडीवर, गेल्या. कढईच्या बुडाची काजळी खरवडून घेतली, तांदळाच्या पेजेत कालवली आणि डब्यांना सारखी माखली. परत आल्या तेव्हा कोपरापर्यंत काळ्या झाल्या होत्या. पाहुण्यांपुढे काळं भांडं ठेवायला लाजणारी ती बाई तशीच माझ्याशेजारी उभी राहिली.

या सगळ्यात पाऊण तास गेला, आणि मगच रोशनीने डब्यांत तांदूळ-पाणी घालून ते माझ्यात ठेवले. बरोबर एक वाजता साहेब आले. श्रीपतीही जेवणाच्या सुट्टीत येऊन भिंतीशी उभे राहिले. साहेबांना पुढे कुठेतरी जायचं होतं, त्यांनी झाकण उघडायला सांगितलं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

"आत्ता उघडलं तर वाफ जाईल, भात कच्चा राहील," रोशनी म्हणाली. "पाऊण तास थांबा, साहेब."

साहेब थांबले नाहीत. वहीत काहीतरी लिहून जीपमध्ये बसून गेले. वर्गाचं काय झालं हे सगळ्यांना तेव्हाच कळलं. रोशनीने डोळे पुसले, पण हात माझ्यावरच होता. तिने मला सूर्याकडे बोटभर वळवलं. श्रीपतींनी घड्याळ पाहिलं, ऑफिसची वेळ झाली होती, तरी ते पायरीवर बसून राहिले.

पावणेदोनला झाकण उघडलं. शीत न् शीत मोकळं झालं होतं. श्रीपतींनी वर्तमानपत्राच्या तुकड्यावर भात घेतला आणि सगळा संपवला. मग बायकोच्या काळ्या हातांकडे बघत लेकीला म्हणाले, "साहेबागत मी बी उगंच घाई करत होतो. नक्को जाऊ कंप्युटरला. हेच शीक."

पुढच्याच महिन्यात वर्गाला कुलूप लागलं. भंगारात जाणार म्हणून माझं काळीज हललं होतं, पण श्रीपतींनी मला रिक्षात घालून अंबरपेठेला आणलं. मुकुंदराव सर वर्षभर दर रविवारी गच्चीवर येऊन रोशनीला उरलेलं शिकवत राहिले.

आता माझी काच तडकली आहे, आरशावर डाग पडले आहेत. रोशनी गावभर उन्हावरचे बंब दुरुस्त करते आणि गल्लीतल्या मुलींना माझ्यावर शिकवते. त्या मुलींना घाई फार. दर पाच मिनिटांनी झाकण उचलून बघतात आणि माझी सगळी ऊब उडून जाते. जीव टांगणीला लागतो तो असा.

म्हणून मित्रांनो, एवढं कराच. मला वेळेवर वळवा. शिजायला ठेवलेल्या भाताचं आणि शिकायला बसलेल्या लेकराचं झाकण सारखं उघडू नका. आणि डबे आतून खुशाल घासा, बाहेरून मात्र काळेच राहू द्या.