माझ्या बंदुकीची कोठी

दर रविवारी नेमबाजीच्या क्लबात माझं तोंड काळं व्हायचं आणि नॉर्वेतलं अख्खं नुमेदाल खोरं हसायचं. यात माझा दोष नव्हता, बंदुकीचा होता. ही वडिलांची कामरलादर, मागून भरायची जुनी फौजी बंदूक. बाजूची दांडी फिरवली की दारू-गोळीची कोठी वर येते. प्रत्येक कोठी तिच्याच नळीला कानशीने घासून बसवलेली असते आणि दोन्हींवर एकच आकडा ठोकलेला असतो. माझ्या बंदुकीत मात्र परकी कोठी होती. गोळी जायची पुढे आणि फटीतून धूर यायचा माझ्या नाकावर.

वडिलांच्या तरुणपणी नेमबाजी झाल्यावर क्लबातले सगळे आपापल्या कोठ्या एकाच घमेल्यात गरम पाण्याने धुवायचे. तिथेच अदलाबदल झाली आणि आमची कोठी कुणाच्या तरी घरी गेली. वडील जन्मभर हळहळले. जाताना मला म्हणाले, "तुरिद, हिची हिला मिळवून दे." झालं, मी शब्द देऊन बसले.

शोधायला गाडी लागायची आणि गाडी ओस्मुनची. हा माझा शेजारी, बायको गेल्यापासून एकटाच. फौजेने ह्या बंदुकीत दर चार-पाच वर्षांनी काही ना काही बदललं, नळी आखूड केली, कडं काढलं, नेम धरायची पट्टी वेगळी लावली, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक प्रकार ह्याच्या भिंतीवर आहे. माझ्याकडे निम्मे, पण त्याचा मला हेवा नाही. वर्षानुवर्षं शनिवारी आम्ही लिलाव, जुन्या बाजारातली दुकानं, मेलेल्या शिकाऱ्यांचे माळे पालथे घालत फिरलो. ब्रेडवर तपकिरी चीज तो लावायचा, कॉफी मी न्यायचे.

"आजही नाही गं," परत येताना तो म्हणायचा. चेहरा मात्र अगदी मजेत असायचा. मला वाटायचं, मेला माझी फजिती बघून खूश होतोय.

गेल्या रविवारी क्लबात धुराने माझे डोळे चुरचुरले. तोंड पुसायला फडकं शोधत मी ओस्मुनच्या गाडीचा कप्पा उघडला. आत लोकरीचा एक मोजा होता, जड आणि तेलकट. आतून लोखंड निघालं. पालथं केलं तर त्यावर आमच्या नळीचा आकडा.

ओस्मुन वॉफल खात मागे येऊन उभा होता. त्याचा घास तोंडातच राहिला.

"कधी मिळाली?" मी विचारलं.

"परवाच."

"थापा मारू नकोस. मोजा आरपार तेलाने माखलाय, खाली जुनं सुकलंय आणि वर ताजं आहे. एवढे थर काय दोन दिवसांत बसतात?"

"गंजू कशी देणार?" तो हळूच म्हणाला.

हे खरं. चोरटा असता तर पुरून मोकळा झाला असता. हा संग्राहक, चोरीचा माल तेल घालून जपत बसलेला.

"पहिल्याच वर्षी मिळाली. दर शनिवारी द्यायची म्हणून बरोबर घ्यायचो. वाटेत तू बोलायला लागायचीस, आणि मग वाटायचं, दिली की हे संपलं."

मला इतका राग आला की ती कोठीच त्याच्या डोक्यात घालावी. वडिलांच्या शब्दापायी माझी झोप उडाली होती, आणि हा शहाणा गावभर मला फिरवत होता. पण रागाच्या खाली एक गार, बरं वाटणारं काहीतरी होतं, आणि त्याचं काय करावं ते मला सुचेना.

मी टेबलावर परकी कोठी काढली, आमची बसवली. दांडी फिरली ती लोण्यातून फिरल्यासारखी. भरली, मारली. गोळी फळीच्या मधोमध लागली. तोंडावर कणभरही धूर आला नाही. वडील आठवले आणि मी तिथेच रडले, क्लबासमोर, लाज न बाळगता.

सगळे टाळ्या वाजवत होते. ओस्मुन तेवढा रिकामा मोजा हातात धरून उभा होता.

"झालं तर मग," तो म्हणाला. "आता शोधायला काही उरलं नाही."

"नाही उरलं."

तो गाडीकडे वळला. मी त्याची बाही धरली.

"शनिवारी लवकर ये, मूर्खा. तुझ्याबरोबर गाडीत बसायला मला बंदुकीचं निमित्त लागतं, असं कुणी सांगितलं तुला?"