तळ्याची वाट

पहिला दगड वळूला लागलाच नाही, तो कोंडूदादाच्या कपाळावर बसला. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं, तरी त्याने फाटकाची कडी सोडली नाही.

"बाजूला व्हा दादा! तुमच्याशी भांडण नाही आमचं," नव्या वसाहतीचा सेक्रेटरी ओरडला. त्याच्या हातात लोखंडी पहार होती आणि मागे चाळीसएक माणसं.

"माझं आहे ना तुमच्याशी," कोंडूदादा म्हणाला. "गुरांचा डॉक्टर येईल, साहेब येतील, काय ते ठरवतील. तोवर आत आलेल्या जनावराला कुणी हात लावायचा नाही. हा कोंडवाडा आहे, खाटीकखाना नाही."

मोकाट गुरं कोंडायची आणि मालक आला की सोडायची, ही त्याची तीस वर्षांची नोकरी. त्यावरूनच लोक त्याला कोंडूदादा म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं. माणूस मोठा तऱ्हेवाईक! काम गुरं आवरायचं आणि हातात कधी काठी नाही. बायकोशी भांडताना आवाज चढला तर स्वतःच दचकायचा.

आणि आज ज्या वळूसाठी तो फाटकाला पाठ लावून उभा होता, त्याच वळूने तासाभरापूर्वी त्याच्या एकुलत्या एका मुलाच्या पोटात शिंग घातलं होतं.

सगळं त्या गावपणाच्या कौतुकापायी झालं. गाव वाढत होतं. नगरपालिकेने आराखडा केला, की घरं खुशाल होऊ देत, पण गावपण जपायचं. जपायचं म्हणजे काय, तर मधलं कुरण ठेवायचं, त्याला 'गावरान बाग' म्हणायचं आणि शोभेला कोंडूदादाच्या धाकट्या भावाचा वळू त्यात सोडायचा. कोंडूदादाचा मुलगा तिथेच माळी म्हणून लागला. आज सकाळी बागेचं उद्घाटन होतं. वळूच्या शिंगांना लाल फीत बांधली, कर्ण्यावर गाणी लावली, फोटोसाठी लोक त्याच्या अंगाला भिडले. वळू उधळला. आधी सरळ जाऊन कुरणाच्या नव्या भिंतीवर धडकला आणि तिथून फिरला तो गर्दीतच घुसला. समोर खुर्चीवर सेक्रेटरीची म्हातारी आई होती. कोंडूदादाच्या मुलाने मध्ये पडून वेसण धरली. पुढचं सांगवत नाही.

त्या वळूला आवरायची दुसऱ्या कुणाची छाती झाली नाही, म्हणून कोंडूदादानेच त्याला दोर टाकून आणला. मुलाला घेऊन कोंडूदादाची बायको दवाखान्यात गेली होती. फाटक लावून तोही धावतच निघणार होता, तेवढ्यात ही माणसं आली.

"दादा, मारू दे रे त्यांना," धाकटा रडकुंडीला आला होता. "माझाच वळू आहे ना? मीच सांगतोय. तू दवाखान्यात जा."

"तू गप बस."

"पोरगा तिकडे तडफडतोय आणि तू इथे..."

"मला कळत नाही होय रे?" कोंडूदादा एवढ्या जोरात ओरडला, की वळूनेही मान वर केली. "माझा जीव तिकडे लागलाय! पण मी हललो की हे ठेचून मारतील त्याला."

सेक्रेटरीने तेवढ्यात डाव साधला. गजांमधून त्याने पहार वळूच्या कुशीत खुपसली. वळू हंबरला, कुंपण हादरलं. कोंडूदादाने पहार धरली. मागून कुणीतरी त्याच्या पाठीत दांडकं घातलं, दुसऱ्याने हातावर. बोट करकन मोडलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी त्याने झटका देऊन पहार हिसकावली आणि दोन्ही हातांनी सेक्रेटरीच्या डोक्यावर उगारली.

"या! कोण येतंय? या ना!"

गर्दी मागे सरकली. तीस वर्षांत त्याने कशावरही हात उगारलेला कुणी पाहिला नव्हता.

धाकट्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने कानाला लावला, "हां वहिनी" एवढंच म्हणाला आणि तिथेच मातीत बसला.

"दादा... गेला रे आपला."

कोंडूदादाची पहार हळूहळू खाली आली. मग सेक्रेटरीच पुढे झाला.

"माझ्या आईला वाचवलं हो त्याने. आता तरी... तुम्ही मारताय की मी मारू?"

"मी," कोंडूदादा म्हणाला. त्याने कडी काढली आणि पहार घेऊन आत गेला.

त्याला मारायचंच होतं. खोटं कशाला सांगा? अंगातला कण न् कण पेटला होता. शिंगावरचं रक्त अजून ओलं होतं आणि ते कुणाचं, हे त्याला माहीत होतं. त्याने पहार वळूच्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध नेम धरून उचलली.

वळूचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. तो कोरडं टाकं चाटत होता. जीभ लाकडासारखी झाली होती, टाक्याच्या तळावर खरखर वाजत होती.

कोंडूदादाने पहार भिंतीला टेकवली. नळाखाली बादली धरली आणि भरून त्याच्यापुढे ठेवली. वळूने ती एका दमात संपवली. दुसरी संपवली. चौथ्या बादलीलाही त्याने तोंड वर केलं नाही.

"याला पाणी कधी पाजलं होतंस?" त्याने न वळता भावाला विचारलं.

"पाजायचं कशाला, दादा? तो आपला आपण तळ्यावर जातो की."

"कुठून जातो?"

धाकट्याने वळून तळ्याकडे पाहिलं. तळ्याच्या बाजूची भिंत परवाच पुरी झाली होती.

वर्षापूर्वी सभेत तो नकाशा लावला होता. कुणाची हरकत आहे का, म्हणून विचारलं होतं. कोंडूदादा पुढे जाऊन बघून आला होता. त्यात झाडं होती, कुरण होतं, तळं होतं, त्याचा कोंडवाडासुद्धा होता. तो एवढा हरखला, की "आपली काही हरकत नाही" असं सगळ्यांत मोठ्याने तोच म्हणाला. तळ्याची वाट त्यात नव्हती. ती कुणी कधी आखलीच नव्हती, गुरांनीच चालून चालून पाडली होती. त्यालाही आठवलं नाही. रोज पायाखालची वाट, ती काय आठवायची?

त्याने वळूच्या शिंगांची फीत सोडली. फाटकाला कडी घातली, कुणाकडे न बघता पहार खांद्यावर टाकली आणि कुरणातून निघाला. दवाखाना तळ्यापलीकडेच होता.

"दादा, तिकडून नाही जाता येत आता," धाकटा मागून धावला. "थांब, मी गाडी आणतो."

भिंतीचा गिलावा अजून ओलसर होता. पहिल्या घावाला तो ढासळला, तिसऱ्याला वीट हलली. मोडक्या बोटातून कळ मस्तकात जात होती. त्याच्या तोंडून शिव्या येत होत्या, मग मुलाचं लहानपणीचं लाडाचं नाव येऊ लागलं, मग नुसता घशातला आवाज. सेक्रेटरी येऊन खाली बसला आणि पडलेल्या विटा बाजूला करू लागला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

माणूस जाईल एवढं भगदाड पडलं. पलीकडे तळं दिसलं, त्यामागे दवाखान्याचं छप्पर.

"झालं, दादा. जा आता," धाकटा म्हणाला. "वहिनी एकटी आहे."

"वळू जाईल एवढं होऊ दे," कोंडूदादा म्हणाला, आणि त्याने पहार पुन्हा उचलली.