आत्याचूक

अपेक्षा सोलापुरात होटगी रोडवरच्या एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅमर होती. शेळ्यांच्या लसीकरणासाठी डॉक्टरांची वेळ घ्यायचं ॲप तिनं बनवलं आणि वापरून बघायला सांगोल्याच्या विजयमालाआत्याला दिलं.

दुपारी आत्याचा फोन.

"अगं, ही 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा' एवढंच म्हणतंय. मी सकाळपास्नं प्रयत्नच करतीया. काय चुकलं ते सांगंल का न्हाय?"

करडाचं वय विचारलं, तिथं आत्यानं 'लई बारकं हाय' असं लिहिलं होतं. प्रोग्रॅमला हवा होता आकडा. पण चूक कुठलीही असो, अपेक्षानं सगळ्यांना मिळून ते एकच मोघम वाक्य ठेवलं होतं.

शेजारच्या टेबलावरच्या नंदीशनं खुर्ची सरकवली. "प्रत्येक चुकीचा प्रोग्रॅममध्ये वेगळा क्लास, वेगळा प्रकार काढ की. मग कुठली धरायची, काय सांगायचं, ते ठरवता येतंय. आणि सगळ्या चुका आत्याच काढणार, तर मूळ क्लासला तिचंच नाव दे!"

वैतागलेल्या अपेक्षानं खरंच 'आत्याचूक' नावाचा क्लास लिहिला. त्याच्या पोटी दोन लेकी, म्हणजे उपप्रकार: 'आत्याची_वयचूक' आणि 'आत्याची_तारीखचूक'. पहिली धरून 'वय महिन्यांत, आकड्यात लिहा' असं सांगायची सोय केली आणि नवं ॲप पाठवून दिलं.

पुन्हा फोन.

"वय घेतलं बघ. पर तारीख चुकून कालची पडली, तर ॲप बंदच झालं. आन् वर काय लिवलंय? 'आत्याची तारीखचूक'! मला नावं ठेवतीस व्हय गं?"

तारखेची चूक झाली की ती 'फेकायला' अपेक्षानं प्रोग्रॅमला सांगितलं होतं, धरून नीट संदेश दाखवायचं मात्र राहून गेलं होतं; म्हणून ॲप बंद पडून क्लासचं नावच पडद्यावर आलं होतं. तिचे कान लाल झाले. नंदीश टेबलावर डोकं टेकून हसत होता.

तिनं घाईघाईनं 'आत्याचूक'ची 'नोंदणीचूक' केली, लेकींच्या नावांतूनही 'आत्याची' काढलं, तारखेची चूक धरली, आणि पुढं कुठली लेक निसटलीच तर शेवटी मूळ क्लासच तिला धरेल अशी तजवीज केली. मग आत्याची माफी मागायला फोन लावला.

"तुझं नाव काढून टाकलं बघ, आत्या."

"काढलंस?" आत्याचा आवाज एकदम पडला. "आगं, भाचीनं मोबाइलात माजं नाव घातलंय म्हणून मी शेजारच्या तानाबाईला दाखवायला बोलावलंय की! ती दारात उभी हाय."